विचारत फिरलो तो उन्हाळा

होळी झाली की आमच्या दारव्ह्यात लोक जिन्याखालून, गच्चीवरून कूलर बाहेर काढतात. वर्षभराची धूळ, कबुतरांची पिसं, मागच्या सालचा वाळून कुरकुरीत झालेला वाळा. बटण दाबलं की मोटर नुसती गुणगुणते, पंखा हलत नाही. मग ते कूलर हातगाडीवर, रिक्षात, कधी मोटरसायकलवर दोन माणसांच्या मध्ये बसून आमच्या दुकानापुढं येऊन उभे राहतात. अब्बा मोटर वाइंडिंगचं काम करतात. घर दुकानाच्याच मागं असल्यामुळं वार्निशचा, जळक्या तारेचा आणि ओल्या वाळ्याचा मिळून एक वास मेपर्यंत घरभर मुरलेला असतो. आमच्या उशांनासुद्धा तो येतो.

दुसऱ्या कुणाला हा वास आला तर त्याला गारव्याची आठवण होत असेल. मला ॲडमिशनची होते.

यंदा आठवण निघाली ती अफरीनमुळं. अफरीन आमच्या गल्लीतली, शिलाईचं दुकान असलेल्या युसूफचाचांची मुलगी. बी.एस्सी.चा शेवटचा पेपर देऊन आली आहे. परवा बापलेक दोघं दुपारी दुकानाच्या बाकावर येऊन बसले. अफरीननं मोबाइलवर दोन विद्यापीठं उघडून ठेवली होती. एक सरकारी, दुसरं आपल्याच समाजातल्या एका ट्रस्टनं चालवलेलं. दोन्हींच्या खाली मुलांनी तारे दिलेले, चार ओळी लिहिलेल्या. कॅन्टीन चांगलं आहे. कॅम्पस हिरवा आहे. शिक्षक ठीक.

"दीदी, हे सारं वाचलं मी," ती म्हणाली. "याच्यातून काहीच नाई समजत. तुम्ही सरकारीत शिकल्या, सायमा दीदी ट्रस्टवाल्यात. तुम्हीच सांगा, कुठं जाऊ?"

सायमा माझी धाकटी बहीण. युसूफचाचा उघड्या कूलरच्या पात्यांकडं बघत होते.

त्या दोघांना तिथं बसलेलं पाहून मला आमचा उन्हाळा आठवला. त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा दुसऱ्यांच्या घरच्या बाकावर आम्ही होतो.

मीही तेव्हा इथल्याच कॉलेजातून बी.एस्सी. करून बसले होते, विषय केमिस्ट्री. एम.एस्सी. करायची एवढंच ठरलेलं. तीच दोन विद्यापीठं समोर होती. त्यांची नावं इथं लिहीत नाही, कारण तेव्हाची ती आता तशीच असतील असं नाही, आणि मला त्यांचा न्यायनिवाडा करायचा नाही. सरकारी विद्यापीठ एसटीनं गाठता येईल अशा शहरात होतं. ट्रस्टचं लांब होतं, रेल्वेनं जावं लागे. तिथं मुलींचं होस्टेल भिंतीच्या आत, मशीद आवारात, आणि अम्मीच्या शब्दांत सांगायचं तर 'माहोल' होता.

"मले माहोल पाह्यजे," अम्मी म्हणायची. आमच्या घरची बोली अर्धी उर्दू-हिंदी आणि अर्धी दुकानातल्या गिऱ्हाइकांची वऱ्हाडी. मी इथं ती जमेल तशी वऱ्हाडीतच लिहिते आहे. "पोट्टी परक्या गावात एकटी राह्यणार. तिथं अजान ऐकू आली तं मले इथं झोप लागीन."

अब्बा या विषयावर बोलत नसत. ते एवढंच म्हणाले, "ज्यायनं शिकलं त्यायले विचारू." नवी मोटर घेण्याआधीही ते दुकानदाराला काही विचारत नाहीत. ज्याच्याकडं ती मोटर तीन उन्हाळे चालली, त्याच्या घरी जाऊन ते चहा पितात. त्यामुळं हे मला नवीन वाटलं नाही. ऐन सीझनमध्ये दुकान बंद ठेवून ते माझ्यासोबत निघाले याचं मात्र आश्चर्य वाटायला हवं होतं. तेव्हा वाटलं नाही.

पहिल्यांदा आम्ही राळेगावकडं गेलो. प्रणाली मॅडम आम्हाला कॉलेजात वर्षभर तासिका तत्त्वावर प्रॅक्टिकल शिकवायच्या. सरकारी विद्यापीठातून त्यांनी एम.एस्सी. केलेली. सुट्टीत त्या राळेगावजवळ आपल्या गावी होत्या. यवतमाळला बस बदलली. पुढं सगळी शेतं उघडी, काळी, भेगाळलेली. शेताच्या धुऱ्यावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे ढीग रचून ठेवलेले. खिडकीचा गज हाताला चटका देत होता, म्हणून मी ओढणीचं टोक त्याला गुंडाळलं होतं. अब्बा समोरच्या सीटवर डोक्याला रुमाल बांधून सरळ बसले होते. त्यांना प्रवासात झोप येत नाही.

मॅडमच्या आईनं पन्हं दिलं. त्यांचे वडील कापूस आणि तूर करणारे शेतकरी. "या जी भाऊ, बसा," म्हणून त्यांनी खाट ओढली आणि अब्बांचा धंदा कळताच विहिरीवरच्या मोटारीची तक्रार सुरू केली. अब्बा ऐकत होते, पण त्यांचे कान मॅडमकडं होते.

मॅडमनी आधी पाण्याचं सांगितलं. होस्टेलचं पाणी सकाळी आलं तर आलं. मग परीक्षेचं: वेळापत्रक लागायचं, फाटायचं, पुन्हा लागायचं. "पहिल्या सेमिस्टरले आमचा एक पेपर शिकवाले कोणी नव्हतंच. सिनियरच्या झेरॉक्सवर आम्ही पास झालो. धूर ओढणारा पंखा बंद पडलेला, तं ॲसिडचा प्रयोग खिडकीत उभं राहून कराचा."

"मग चांगलं काय होतं, मॅडम?" मी विचारलं.

"लायब्ररी. तिथून कोणी उठवत नसे. अन् नसरीन, या गावात मी अमक्याची पोट्टी, तमक्याची नात. बसस्टँडवर उभी राह्यली तरी घरी समजते. तिथं मेळघाटातले, पुसदचे, वाशीमचे, साऱ्या जातीचे पोट्टे-पोट्टी. मी कोणाची हे कोणालेच माहीत नव्हतं. मले ते लय आवडलं."

मग त्या अब्बांकडं वळल्या. हातातला रिकामा ग्लास त्यांनी खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"भाऊ, एक सांगते, राग नका मानू. होस्टेल भरलं की बाहेर खोली पाहा लागते. माह्या वर्गात एक मुस्लिम पोट्टी होती. फोनवर लोक हो म्हणत. नाव सांगितलं की खोली भाड्यानं गेली म्हणत. मी सोबत गेलती, माह्या डोळ्यानं पाह्यलं."

मॅडमचे वडील खाटेच्या सुंभाशी चाळा करत राहिले.

"होते तसं," अब्बा म्हणाले. लाइट गेल्यावर माणूस म्हणतो त्या आवाजात.

निघताना मॅडम फाटकापर्यंत आल्या. "मी तिथं लय रडली," त्या म्हणाल्या. "तरी तुले जा म्हणीन."

परतताना यवतमाळच्या स्टँडवर अब्बांनी काकडी घेतली, मधून चिरलेली, तिखट-मीठ लावलेली. अर्धी मला दिली. त्या काकडीची चव मला अजून आठवते. त्या दिवसाची बाकीची दुपार मात्र आठवत नाही. आठवणीला काय ठेवावं हे कुणी सांगून ठेवत नाही, त्यामुळं ती काहीही ठेवते.

वणीला अम्मीही आली. निखत आपा तिच्या मावसबहिणीची मुलगी. माहेर वणीचं, सासरही वणीचंच, ट्रकच्या गॅरेजवाल्यांकडं. ट्रस्टच्या विद्यापीठातून शिकून आलेली आमच्या नात्यातली ती पहिली मुलगी, म्हणून अम्मी तिचं नाव नेहमी थोडं हळू आणि थोडं लांबवून घ्यायची.

वणीत उन्हालाही कोळशाची बारीक धूळ असते. ताडपत्री ओढलेले ट्रक एकामागं एक जात होते. निखत आपांच्या घरातले पडदे फिकट निळे होते, पण घड्यांत राखाडी झालेले. बोलता बोलता त्या ओल्या फडक्यानं खिडकीची कड पुसायच्या. थोड्या वेळानं पुन्हा पुसायच्या. आपण हे करतो आहोत याकडं त्यांचं लक्षही नव्हतं. त्यांची लहान मुलगी आमच्या चपला एका रांगेत लावत बसली होती.

"तिथं घंटा झाली की सर वर्गात," निखत आपा म्हणाल्या. "लॅबमधे प्रत्येकीले वेगळा ब्युरेट. फुटला तं दुसऱ्या दिवशी नवा. वॉर्डन आईसारखी, अन् आईसारखाच तिचा त्रास. रमजानमधे सारं होस्टेल एका दस्तरखानावर. केरळची पोट्टी माह्या एका बाजूले, काश्मीरची दुसऱ्या." त्या हसल्या. "खाला, खरं सांगू? तिथं दोन वर्षं मी मुसलमान आहे हेच विसरून गेलती. इथं बसमधे, बँकेत, दवाखान्यात, कुठंबी गेली की मले ते याद ठेवा लागते. तिथं साऱ्याच होत्या. मंग मी नुसती निखत."

अम्मीनं माझ्याकडं पाहिलं. आता काही विचारायचं उरलं आहे का, असं ते पाहणं होतं.

"अन् वाईट काय होतं?" अब्बांनी विचारलं.

निखत आपांनी फडकं बाजूला ठेवलं. "वाईट म्हणता येत नाई, खालूजान. मले खाणीतून उपसलेल्या पाण्यावर प्रोजेक्ट कराचं होतं. लहानपणापासून ते काळं पाणी नाल्यानं जाताना पाह्यलं, तं मनात होतं. नमुने आणाले इकडं या लागणार होतं. सर हो म्हणाले. वॉर्डननं विचारलं, सोबत मेहरम कोण आहे? घरचा पुरुष सोबत नसन तं गेटच्या बाहेर नाई. भाऊ तवा ट्रक घेऊन बाहेरगावी गेलता, तो येईपर्यंत मुदत निघून गेली. मंग मी लायब्ररीत बसून जुन्या आकड्यांवर प्रोजेक्ट लिहिला. मार्क चांगले भेटले."

बाहेर एक ट्रक मागं घेताना वाजत होता. तो थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"एक डाव एका पोट्टीनं वर्गात सवाल केला. माणूस कुठून आला, तसा काहीतरी. सर रागावले नाईत. लय मायेनं जवाब दिला. पण तो दुसऱ्याच सवालाचा होता. त्याच्यानंतर तसं कोणी विचारलं नाई. रागावले असते तं कदाचित पुन्हा विचारलं असतं कोणी."

अम्मीनं विषय बदलावा म्हणून चहाचं कौतुक केलं. निखत आपा माझ्याकडं बघत होत्या.

"मी तिथं खूश होती," त्या म्हणाल्या. "हे खरं आहे, नसरीन. पण तुले जा म्हणू की नको, ते मले समजून नाई राह्यलं."

एखाद्या जागेबद्दल विचारलं की माणसं स्वतःबद्दल सांगतात. हे मला त्या उन्हाळ्यात कळलं असं म्हणणं चुकीचं होईल. तेव्हा मी फक्त गोंधळले होते. एकीला कुणी ओळखत नव्हतं म्हणून मोकळं वाटलं होतं. दुसरीला सगळ्या आपल्यासारख्या होत्या म्हणून. मोकळेपणा दोघींचाही खरा होता. त्यातला मला कुठला पुरेल, हे त्या कशा सांगणार होत्या? आज पाण्याचे नमुने तपासताना कधीकधी वाटतं, एकाच विहिरीचं पाणी पिऊन एक घर तक्रार करतं आणि शेजारचं घर म्हणतं, आमच्या विहिरीसारखं गोड पाणी कुठं नाही. दोघंही खोटं बोलत नसतात.

खरं सांगायचं तर मला ट्रस्टच्या विद्यापीठाची ओढ लागली होती, आणि ती दीनापायी, धर्मापायी नव्हती. प्रत्येकीला वेगळा ब्युरेट, हे ऐकल्यापासून माझं मन तिकडं लागलं. आमच्या कॉलेजात चौघींत एक ब्युरेट होता आणि त्याची तोटी गळायची. अम्मीला वाटलं, आपली दुआ कबूल झाली. ती माझ्यासाठी शालूच्या पेटीतून चादरी काढायला लागली.

पण खाणीचं ते पाणी डोक्यातून जाईना. दुकानात कूलरच्या टाक्या उलट्या करून ठेवलेल्या असत. त्यांच्या तळाला पांढरे खवले धरलेले. कुठल्या भागातून आलेला कूलर आहे ते अब्बा खवल्यावरून ओळखायचे. मी एकदा नखानं तो खवला खरवडला आणि तपासून पाहावासा वाटला. हे काय आहे, हे जिथं पाणी आहे तिथं जाऊन बघायला हवं. ते गेटच्या आत येणार नव्हतं. माझ्या आयुष्यातला मोठा निर्णय म्हणावा तर तो एवढाच होता. कुणी भाषण केलं नाही, मला काही साक्षात्कार झाला नाही. हाताला चुना लागला होता, तो मी धुऊन टाकला.

जेवताना मी सांगितलं. "अम्मी, मला पाण्यावर काम करायचं आहे. त्यासाठी गावोगाव जावं लागेल. मी सरकारीत जाते."

अम्मीचा हात ताटात थांबला. "अन् खोली कोण देईन तुले?"

मी अब्बांकडं पाहिलं. ते पोळीचा तुकडा मोडत होते, बारीक, आणखी बारीक. त्यांनी तोंड उघडलं. ते काहीतरी बोलणार होते.

"जा," अम्मी म्हणाली.

तिनं ते इतक्या घाईनं म्हटलं की मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. "जा तू. फक्त फोनवर खोटं नको बोलू. तकलीफ झाली तं तकलीफ झाली म्हण."

अब्बांनी तोंड मिटलं आणि पोळी खाल्ली.

प्रणाली मॅडमनी सांगितलेलं सगळं तसंच निघालं. एक पेपर शिकवायला कुणी नव्हतं. परीक्षा पुढं गेली. होस्टेलमध्ये जागा मिळाली नाही. माझ्याच तालुक्यातल्या तांड्यावरची कविता राठोड वर्गात भेटली. घरी फोन केला की ती पहिल्यांदा "याडी", म्हणजे आई, म्हणून हाक मारायची, आणि मला त्या हाकेनं अम्मीची आठवण यायची. आम्ही दोघींनी मिळून खोली शोधली. बोलणी कवितानं केली, म्हणून ती मिळाली. घरमालकीणबाई प्रेमळ होत्या. सणाला पुरणपोळी आणून द्यायच्या. माझं नाव त्यांना कळलं ते रमजान लागल्यावर. त्या वर आल्या, खुर्चीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "तू चांगली मुलगी आहेस गं. पण आमच्याकडं पाहुणे येतात." त्यांना बोलताना त्रास होत होता, हे मला दिसत होतं. तो मला दिसला नसता तर सोपं गेलं असतं.

कविता गादी गुंडाळायला लागली. बाई म्हणाल्या, "तू कशाला? तू राहा."

"माहे पण पाहुणे येते ना काकू," कविता म्हणाली, "तांड्यावरचे. लय मोठ्यानं बोलते ते."

मी अम्मीला फोन केला आणि खरं सांगितलं. ती आधी "ये परत" म्हणाली. मग विचारलं, "ती पोट्टी कुठं गेली?"

"माझ्यासोबतच आहे. आम्ही मैत्रिणीच्या खोलीवर आहोत."

मागं दुकानातल्या ग्राइंडरचा आवाज येत राहिला. "मंग थांब," अम्मी म्हणाली.

त्याच हिवाळ्यात होस्टेलच्या जागांसाठी मुलं-मुली कार्यालयासमोर बसली. आम्हीही बसलो. कुणीतरी माइकवरून पुकारलं, आता केमिस्ट्रीची नसरीन बोलेल. मी दोन-तीन वाक्यं बोलले असेन. समोरच्या इमारतीवर आपटून माझाच आवाज परत आला तेव्हा मी दचकले; तो आवाज अब्बांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या आवाजाखाली दबून राहणाऱ्या मुलीचा वाटत नव्हता. पुढच्या सत्रात आम्हाला खोली मिळाली. लॅबमधला धूर ओढणारा पंखा तरीही बंदच राहिला. विभागातल्या एका बाई आम्हाला एसटीनं गावोगाव घेऊन जात, हातपंपाचं पाणी बाटलीत कसं भरायचं ते दाखवत. ज्या गावात पोरांचे दात पिवळे-तपकिरी, त्या गावात आधी थांबायचं. आज मी जिल्ह्यातल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. फ्लोराइडचे नमुने माझ्याकडं येतात, कधी मी त्यांच्याकडं जाते. त्या विद्यापीठानं मला शिकवलं त्यापेक्षा तिथल्या उणिवांनी जास्त शिकवलं, असं लोक कौतुकानं म्हणतात तेव्हा मला पटत नाही. शिक्षक असते तर मी आणखी शिकले असते. उणीव ही उणीवच असते.

सायमाची वेळ आली तेव्हा अब्बा पुन्हा दुकान बंद करून तिच्यासोबत फिरले. तिनं मलाही विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, खोलीचं, कविताचं, माइकचं. ती गादीवर पाय पोटाशी घेऊन ऐकत होती.

"बाजी," ती शेवटी म्हणाली, "तुझ्या गोष्टीत तू सारखी उभीच आहेस. मला बसून शिकायचं आहे."

ती ट्रस्टच्या विद्यापीठात गेली. मला तेव्हा थोडं लागलं, हे नाकारत नाही. पण तिथं ती फुलली. एम.एस्सी. झाली, तिथंच पुढं संशोधनाला राहिली, आता शिकवतेही. वॉर्डनशी तिचं भांडण होतं, आणि ईदला तीच वॉर्डन तिला शीरखुर्मा पाठवते. वर्गात आता नको ते प्रश्न मुली विचारतात का, असं मी तिला एकदा विचारलं. "कमी," ती म्हणाली, "पण विचारतात. मी तिसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देणार नाही असं ठरवलंय. कधी जमतं, कधी नाही."

तर परवा अफरीनला मी हेच सांगितलं, जवळपास याच क्रमानं. सायमाला फोन लावून दिला, तीही बोलली. अफरीन दोघींचं ऐकून उठली तेव्हा आली होती त्यापेक्षा जास्त गोंधळलेली दिसत होती. युसूफचाचांनी अब्बांना सलाम केला आणि दोघं उन्हातून घराकडं गेले, मुलगी पुढं, बाप जरा मागं.

दुकानात आता गिऱ्हाईक नव्हतं. अब्बा तांब्याची तार गुंडाळत होते. त्यांची नजर अधू झाली आहे, बोटांनाच सगळं माहीत असतं. एवढ्या वर्षांत जे मी कधी विचारलं नव्हतं, ते मी विचारलं.

"अब्बा, तेव्हा तुमचं मत काय होतं? सरकारी की ट्रस्टवालं?"

"माहं?" त्यांचा हात चालूच होता. "मले वाटे तू इथंच राह्यली पाह्यजे. घरी."

मी बाकावर टेकले.

"तुले नको म्हणाची हिंमत नव्हती," ते म्हणाले. "तं म्हटलं, विचारत फिरू. कोणीतरी असं काही वाईट सांगीन की तूच म्हणशीन, राहू द्या अब्बा. त्या मॅडमनं खोलीचं सांगितलं तवा मले वाटलं, झालं. तं तीच म्हणे, तरी जा."

"मग सायमाच्या वेळी कायले फिरले?"

"तवा माहीत होतं, कोणी तसं सांगत नसते." त्यांनी तार तोडली. "तरी फिरलो."

मी उठून मागं घरात गेले. अम्मी माठ भरत होती. मी तिला अब्बांचं बोलणं सांगितलं. मला वाटलं तिला धक्का बसेल. तिनं माठावर झाकण ठेवलं, ओले हात तोंडावरून फिरवले.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी जेवताना त्यायनं तोंड उघडलं होतं ना. ते एक डाव राह्य म्हणाले असते, तं तू राह्यली असती. म्हणून मीच आधी जा म्हटलं."